आधी दाणा चावायचा

डबा चक्कीवर ठेवला की सुपडूआप्पा झाकण उघडायचे, हात थेट तळाशी घालून एक दाणा काढायचे आणि दाढेखाली धरून चावायचे. वरचा दाणा त्यांनी कधी घेतला नाही. "वरचा दाना पाहुन्याले दाखवासाठी असते," म्हणायचे. चावताना डोळे मिटलेले असत. रांगेतल्या बायका तेवढा वेळ बोलायच्या थांबत. मग एक तर डबा चक्कीच्या तोंडाशी जायचा, नाही तर मालकिणीच्या हातात परत. "ऊन दाखव, ओला हाये." "डाळ करपली, लाडू कडू होतीन." एवढंच बोलायचे, आणि पुढच्या डब्याकडे वळायचे.

इतवारा पेठेत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची चक्की होती. माणूस उंच, काटकुळा, भुवया पिठाने कायमच्या पांढऱ्या. मूळचे शाहपुरकडचे. आधीची दोन भावंडं दगावली म्हणून जन्मल्याबरोबर यांना सुपात ठेवलं होतं, म्हणून नाव सुपडू. सत्तरीला आले तरी पट्ट्याची चक्की स्वतः चालवत. कोणाच्या घरी कोणाचं पोट कसं आहे हे गल्लीतल्या डॉक्टरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असे. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद घेऊन गेलं तर विचारायचे, "सासऱ्याचा गॅस कमी झाला का? मग उडीद कमी टाक व माय."

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. सोळा वर्षं झाली. स्वभाव तापट आहे, आणि आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसणार, हा मास्तरकीचा रोग मला चांगलाच जडलेला आहे. आप्पांचं ते दाणा चावणं मला गमतीचं वाटायचं, थोडं किळसवाणंही. शाळेत स्टाफरूममध्ये मी त्यांची नक्कल करायची, डोळे मिटून वगैरे. आज ते आठवलं की मान खाली जाते.

त्या वर्षी माझा नवरा, अविनाश, आजारी पडला. आतड्याला गाठ होती. इंदूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आतडं लगेच जोडता येईना. लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलं आणि त्याला पिशवी लावली. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून आतडं परत जोडायचं, असं ठरलं. सर्जनने एक अट घातली. वजन पन्नासच्या वर गेलं पाहिजे आणि रक्तातलं प्रोटीन जागेवर आलं पाहिजे. नाही तर टाके धरणार नाहीत.

अविनाशचं वजन तेव्हा शेहेचाळीस होतं. अंडं आमच्या घरात येत नाही, आणि दूध त्याला ऑपरेशननंतर सोसेना. ऑफिसात दिवसभर चहा पाजत फिरणारा, सगळ्यांच्या टोप्या उडवणारा माणूस, तो घराबाहेर पडायचा बंद झाला. शर्टाच्या आत पिशवी वाजते असं त्याला वाटायचं. कोणी भेटायला आलं की उशी पोटाशी धरून बसायचा. एकदा मला म्हणाला, "नंदा, हे जोडलं नाही ना, तर मी नोकरीवर परत जाणार नाही. साफ सांगून ठेवतो." मी रागावले त्याच्यावर. पण त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष वजनकाट्यावर लागलं. सकाळी उठले की आधी काटा बाहेर काढायची.

आधी मी औषधाच्या दुकानातून मटारच्या प्रोटीनची डब्यातली पावडर आणली. डब्यावर एवढं छापलेलं होतं की वाचून मी खूश झाले. तिसऱ्या दिवशी पिशवी फुग्यासारखी फुगायला लागली. इथल्या डॉक्टरांनी डबा फिरवून पाहिला आणि सांगितलं की यात साखरेच्या जागी जे गोड घातलंय ते याच्या आतड्याला झेपणार नाही, बंद करा. मग मी ठरवलं, घरीच करू. स्वच्छ, साधं, आपल्या डोळ्यांसमोरचं. सोयाबीनएवढं प्रोटीन दुसऱ्या कशात आहे? मी दोन किलो सोयाबीन आणलं, निवडलं, फुटाण्यासारखं कढईत खमंग भाजलं आणि डबा घेऊन आप्पांच्या चक्कीवर गेले.

आप्पांनी तळातला दाणा काढला. चावला. डोळे उघडले आणि तो दाणा तळहातावर थुंकला.

"कच्चं हाये," ते म्हणाले.

"भाजलंय आप्पा. रंग बघा ना."

"रंग वरून आला. आत कच्चं हाये. उकडून आन. उकड, सालं काढ, वाळव, मग भाज. मंग मी दळतो."

रांगेत सात-आठ बायका होत्या. त्यातल्या दोघींच्या मुली माझ्या वर्गात. मला ते लागलं. मी वर्गात बोलते त्याच आवाजात म्हणाले, "उकडून पाणी फेकलं तर प्रोटीनही पाण्याबरोबर जातं. मी सायन्स शिकवते, आप्पा."

"हाव, शिकव ना," ते म्हणाले. "मी दळनार नही."

आणि पुढच्या बाईचा डबा उघडला. मागे कोणीतरी हसलं. मी डबा उचलला तो थेट पलीकडच्या शनवारा पेठेत गेले. तिथे मसाला कुटायची नवी मशीन लागली होती. कोणी काही चावलं नाही, विचारलं नाही. पाच मिनिटांत मैद्यासारखं मऊ, गरम पीठ माझ्या डब्यात पडलं. येताना मी मुद्दाम आप्पांच्या गल्लीतून आले.

सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे, पातळ पेजेतून. अविनाश तोंड वाकडं करायचा. "नंदा, याला कच्च्या शेंगांचा वास येतो." मी म्हणायची, "औषधाला वास असतोच." दुसऱ्या दिवशी पिशवी नेहमीपेक्षा लवकर भरली. तिसऱ्या दिवशी त्याहून लवकर, आणि नुसतं पाणी. पोटात कळा यायला लागल्या. मी मनाशी म्हटलं, नवीन खाणं आहे, पोटाला सवय व्हायला वेळ लागतो. काट्यावर वजन पंचेचाळीस आलं. मी काय केलं असेल? पीठ बंद करायचं सोडून दोन्ही वेळा चार-चार चमचे केले. वजन उतरतंय म्हणजे प्रोटीन कमी पडतंय, असा माझा हिशेब. पाचव्या दिवशी तो न्हाणीघराच्या दारात कोसळला.

दवाखान्यात दोन बाटल्या सलाइन लागलं. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही नवीन?" माझ्या पर्समध्ये तेव्हा त्या पिठाची छोटी डबी होती. संध्याकाळचा चमचा चुकायला नको म्हणून बरोबर घेतली होती. मी म्हणाले, "नाही. रोजचंच."

का म्हणाले, ते मला नीट सांगता येत नाही. आठ बायकांसमोर तो म्हातारा खरा ठरणार, एवढंच डोक्यात होतं. नवरा समोर सलाइनवर, आणि मला स्वतःची अब्रू सुचली. अविनाशने माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर इंदूरचं ऑपरेशन पुढे जाईल, किती पुढे ते सांगता येणार नाही. पिठाला हात लावायची माझी हिंमत उरली नव्हती, पण ते टाकूनही दिलं नाही. फडताळात मागे ढकलून ठेवलं.

अविनाशला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारात आप्पा उभे. चक्की सोडून ते कुठे जात नसत. पायातलं काढून आत आले, खुर्चीवर बसले नाहीत.

"मालक पडले म्हने."

"हो. जरा अशक्तपणा."

"शनवाऱ्यात दळलं का तू?"

माझी नजर फडताळाकडे गेली. ते म्हणाले, "दाखव."

मी फडताळातून डबा काढला. त्यांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मोरीत जाऊन चूळ भरली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं आता ऐकवतील. हक्कच होता त्यांचा.

"किती दिवस खाल्लं त्यानं?"

"पाच."

"डाक्टरले सांगितलं?"

मी नाही म्हणून मान हलवली. आत कॉटवर अविनाश जागाच होता. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "मी ल्हान होतो तेव्हाची गोष्ट हाये. आमच्या गावात सोयाबीन नवं नवं आलं. आमची गाय मेली, वासरू राहिलं. बापानं सोयाबीन कच्चंच दळून त्याचं पानी वासराले पाजलं. ताकदीचं हाये म्हने. वासरू पेत राहिलं अन् हागत राहिलं. जेवढं वाळलं तेवढं बापानं जास्त पाजलं. त्याचं पोट भरेल होतं, बाई. मरेपर्यंत भरेल होतं. अंगी काहीच लागलं नही." मग थोडं थांबून म्हणाले, "त्या दिवसापासून मी दाना चावतो."

जेवढं वाळलं तेवढं जास्त पाजलं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. नववीच्या मुलींना मी दर वर्षी शिकवते की पाचकरसातलं ट्रिप्सिन प्रोटीनचे तुकडे करतं आणि मगच ते आतड्यातून रक्तात जातं. कच्च्या सोयाबीनमध्ये त्याच ट्रिप्सिनला अडवून धरणारं काहीतरी असतं, ते चांगलं शिजल्यावरच मोडतं आणि नुसतं वरवर भाजून मोडत नाही, हे मी त्या रात्री शोधून वाचलं. तोवर मला फक्त एवढंच कळलं होतं की मी त्या वासराच्या मालकासारखं वागले.

"रडू नको. फोन लाव," आप्पा म्हणाले. "मी हितंच उभा हाये."

मी डॉक्टरांना फोन लावला. सांगितलं की कच्चं सोयाबीन दिलं, पाच दिवस, आणि विचारलंत तेव्हा खोटं बोलले. मग डॉक्टरांनी शांतपणे मीठ-साखरेचं पाणी किती द्यायचं, काय बंद करायचं, पिशवी कितीदा भरली तर लगेच आणायचं, सगळं लिहून घ्यायला लावलं. फोन ठेवला तर आतून अविनाशचा आवाज आला. "आप्पा, हिला जरा समजवा. दवाखान्यात मी पण चूप बसलो ना. मलाही वाटलं, बिचारी इतकी मेहनत करून राहिली." ते ऐकून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाताना आप्पा दारात थांबले. "चूक माही बी हाये. इतक्या बायकांत मी तुले कच्चं हाये म्हनलो अन् दुसऱ्या डब्याले लागलो. तू रागानं गेली ते पाहिलं मी. तुह्या मांग यायले पाहिजे होतं. चक्की बंद करून यायले पाहिजे होतं." मी म्हणाले, तुमची कसली चूक. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही.

आठवडाभर फक्त तांदळाची पेज, मऊ मूगडाळीचं पाणी, मीठ-साखर. पिशवी हळूहळू ताळ्यावर आली. मग मी डॉक्टरांना आप्पांची कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. त्यांनी सगळी ऐकली, एक-दोन ठिकाणी थांबवून विचारलं, आणि म्हणाले, थोडं थोडं देऊन बघा, पण रोज मला कळवायचं.

आप्पा स्वतः आले. रात्रभर भिजवलेलं सोयाबीन पाणी बदलून उकडायला ठेवलं. दाणा बोटांत चिरडला जाईपर्यंत उतरू दिलं नाही. "पान्यात थोडं जाईन ना, जाऊ दे. जे राहीन ते त्याचं होईन," मला म्हणाले. तळव्यांमध्ये चोळून सालं काढली. "ह्याचं आतडं आता अर्ध्या रस्त्यात हाये, साल अडकन." गच्चीवर पातळ फडक्याखाली वाळवलं, मंद आचेवर भाजलं. मध्ये मध्ये एक दाणा स्वतः चावायचे, एक मला द्यायचे. "सांग." मी म्हणायची, झालं. "नही झालं. मध्ये चिकट लागते पहाय." पुन्हा भाजायचं. शेवटी एक दाणा असा आला की दातांखाली पार आतपर्यंत खुसखुशीत फुटला, किंचित गोडसर लागला. मी काही बोलायच्या आधीच ते उठले. "चाल, दळू."

चक्कीत आधी दोन मुठी ज्वारी घालून दगड साफ केला, मग आमचं पीठ. पहिल्या दिवशी एक चमचा. दोन दिवस थांबलो. मी पिशवी बघत बसायची, घड्याळ बघत बसायची. मग दीड चमचा. आप्पा रोज दुपारी चक्कीवरून निघून यायचे, उंबऱ्यातून विचारायचे, "राहिलं का?" म्हणजे पोटात राहिलं का. राहिलं म्हटलं की पाणीही न पिता परत. महिन्याने काटा सत्तेचाळीस दाखवायला लागला. मी तीनदा उतरवून चढवलं अविनाशला. तो म्हणाला, "आता मला खाली राहू दे, नाहीतर काट्याचंच ऑपरेशन करावं लागेल." किती दिवसांनी तो असं बोलला होता.

पन्नासच्या वर जायला पावसाळा संपावा लागला. इंदूरला रक्त तपासलं, तारीख मिळाली, आतडं जोडलं. टाके धरले. आज अविनाश ऑफिसला जातो, चहा पाजतो, टोप्या उडवतो. नुसत्या पिठाने तो बरा झाला असं मी म्हणत नाही. सर्जन होते, इथले डॉक्टर होते. पण खाल्लेलं अंगी लागायला लागलं ते त्या एका चमच्यापासून, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आप्पांचे दात मात्र त्यानंतर भराभर गेले. दाढा हलायच्या, तरी दाणा चावायचे. सुनेने कवळी करून दिली, ती त्यांनी खिशात ठेवली. "ह्या दातांले चव कळत नही." शेवटची दाढ पडली त्या आठवड्यात मी गहू घेऊन गेले होते. चक्कीवर गर्दी होती. माझ्या पुढे एक तरुण मुलगी उभी होती, हातात स्टीलचा डबा, खांद्यावर पेंगुळलेलं सात-आठ महिन्यांचं बाळ. बाळासाठी पौष्टिक पीठ करायचं होतं तिला. डाळी, तांदूळ, सोयाबीन, सगळं छान भाजून आणलं होतं.

आप्पांनी झाकण उघडलं, तळाशी हात घातला, सोयाबीनचा एक दाणा काढला. मग हात तोंडाकडे न नेता माझ्यापुढे धरला.

"बाई, तू चाव."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी दाणा दाढेखाली धरला आणि डोळे कधी मिटले ते मला कळलंही नाही. वरून खमंग होता. मध्ये चिकट लागला, आणि मग तोच कच्च्या शेंगांचा वास नाकात चढला. मी डोळे उघडले. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने किती वेळ उभं राहून भाजलं असेल ते मला दिसत होतं.

"कच्चं आहे ग," मी म्हणाले. "उकडावं लागेल."

तिचा चेहरा पडला, मग लाल झाला. "मोबाईलवर पाहूनच केलं ना मी. भाजायचंच सांगितलं होतं त्यात." तिने डबा ओढून घेतला, बाळाला सावरलं आणि गर्दीतून वाट काढत निघाली. शनवाऱ्याच्या दिशेने.

मागे चक्की थांबल्याचा आवाज आला. आप्पांनी बटण बंद केलं होतं. पट्टा दोन फेरे फिरून थांबला. रांगेतल्या बायका काय झालं म्हणून बघायला लागल्या. आप्पांनी माझा गव्हाचा डबा उचलून आपल्या पायाशी ठेवला आणि मला हाताने खुणावलं, जा.

मी चपला पायात अर्धवट सरकवून धावले. कोपऱ्यावर तिला गाठलं. तिच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाले, "माझं घर इथंच आहे. चल, आधी उकडून घेऊ. मला पण कोणीतरी असंच शिकवलंय."

त्यानंतर दीड महिन्याने आप्पा गेले, झोपेतच. चक्की आता त्यांची सून चालवते. तिचे दात चांगले आहेत, पण सोयाबीनचा डबा आला की ती चक्की थांबवते आणि मला फोन करते.